‘पाहिले’च्या रकान्यात

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. आठवणी लिहायला बसलो त्याला दोन वर्षं होतील. वडिलांची दिल्लीला झालेली बदली, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, शाळा, नोकरी, लग्न, सगळं ओळीनं लिहून झालं. फक्त या जागी एक वाक्य टाकून मी पुढे सरकलो होतो : ‘याच सुमारास माझा मित्र सुहास साळवे याला मोटरसायकलवरून पडून गंभीर इजा झाली.’ वही वाचताना सुनेनं विचारलं, “बाबा, बाकी ठिकाणी सुहासकाकांचं नाव पानोपानी आहे आणि अपघात एका ओळीत?” मी म्हणालो, फारसं आठवत नाही. खरं तर आदल्या संध्याकाळी मी कोणता शर्ट घातला होता आणि त्याच्या बाह्या कशा दुमडल्या होत्या, तेसुद्धा मला आठवतं. तीस वर्षांहून जास्त काळ हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि ती गेलीसुद्धा. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसंही आता नाहीत. त्यामुळे आता लिहिण्यात काही धाडस उरलेलं नाही, हेही आधीच कबूल करतो.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर आणि साळव्यांचं बरोबर आमच्या डोक्यावर. साळवेकाका मूळचे नगरचे, ख्रिस्ती. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. माझे वडील दुसऱ्या मंत्रालयात त्यांच्याहून एक पायरी खाली, पण जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना ‘साहेब’च म्हणत. सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. त्याची आई म्हणजे मार्थाकाकू. काकूंच्या हाताला आणि गळ्याला विश्रांती ठाऊक नव्हती. सकाळी सातला वरून पेटीचा आवाज यायचा, मग त्यांचा, जरा खर्जातला, आणि माझी आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “मार्थाबाई लागल्या बघ. चला, उठा.” आमच्या घरात घड्याळ होतं, पण आम्ही उठायचो त्या पेटीवर. नाताळात वरून करंज्यांचं ताट यायचं, दिवाळीत खालून चकल्यांचं जायचं. शनिवारी दुपारी वर मटण शिजत असलं की त्याचा वास जिन्यातून खाली येई आणि आई मुद्दाम खिडकीजवळची उदबत्ती लावी. मी बाजरीची भाकरी आणि तो काळा रस्सा पहिल्यांदा खाल्ला तो काकूंच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. काकू म्हणाल्या होत्या, “अवि, तोंड धुऊन जा रे बाबा. नाहीतर तुझी आई मला उद्यापासून कढीलिंब देणार नाही.” आईला अर्थात सगळं ठाऊक होतं.

आम्ही पंचविशीत आलो तोवर दिल्ली झपाट्यानं बदलायला लागली होती. क्वार्टरांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या उगवल्या, बाजारात नवी थंड पेयं आली, आणि ज्या गुडगावला आम्ही शाळेच्या सहलीला मोर बघायला गेलो होतो तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून मंत्रालयात चिकटलो होतो. सुहासनं मात्र डिप्लोमा करून एका छोट्या वर्कशॉपात तीन वर्षं हात काळे केले, आणि नोएडात नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीनं त्याला सर्व्हिस इंजिनीअर म्हणून घ्यायचं ठरवलं. पत्र आलं त्या दिवशी काकूंनी कॉलनीभर पेढे वाटले. रुजू व्हायला अडीच महिने होते. आम्ही दोघांनीही हप्त्यांवर शंभर सीसीच्या मोटरसायकली घेतल्या होत्या, एकाच मेकच्या. माझी काळी, त्याची लाल. त्याच दिवसांत एका नव्या मोटरसायकल क्लबची जाहिरात आली : दिल्ली ते पुणे, छत्तीस तासांत. पार करणाऱ्याला बिल्ला आणि प्रमाणपत्र. अट अशी, की आधी एका दिवसात साडेसातशे किलोमीटर चालवून दाखवायचे आणि वाटेतल्या पेट्रोलपंपांच्या पावत्या अर्जाला जोडायच्या. सुहास जाहिरात घेऊन जिन्यावरून उड्या मारत खाली आला. “यार अवि, नोकरी लागली की मग कुठला वेळ? चलो, एकदा करूनच टाकू.”

घरी सांगितलं तेव्हा दोन्ही घरांत एकाच वेळी नकार आला, आणि नकाराला उत्तर म्हणून मी ती फाईल काढली. हे मला नीट सांगायला हवं, कारण त्या फाईलचा मला फार अभिमान होता. कडेला लाल टॅग, वर विषय : ‘लांब पल्ल्याच्या प्रवासाची तयारी.’ आत दोन्ही गाड्यांची वेगळी तपासणी-पत्रकं. प्रत्येक पत्रकात एकतीस बाबी. टायरची हवा, नटबोल्ट, ब्रेकचे पट्टे, क्लचची केबल, आणि तिच्या शेजारीच टेपनं बांधून ठेवलेली नवी केबल, प्लग, दिवे, चेन, हेल्मेटचा पट्टा, पाण्याची बाटली, मीठ-साखरेच्या पुड्या. आणि शेवटची, एकतिसावी बाब माणसाची : ‘आदल्या रात्रीची झोप, किमान आठ तास.’ प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने. पहिला ‘केले’. तिथे गाडीच्या मालकानं सही करायची. दुसरा ‘पाहिले’. तिथे दुसऱ्यानं, स्वतः वाकून, हात लावून बघितल्यावर. आपण केलेल्या कामातली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे. हा नियम माझा. मी तो दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांपुढे वाचून दाखवला. साळवेकाकांनी चष्मा वर करून पत्रक बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, “बोडससाहेब, तुमचा मुलगा अंडर सेक्रेटरी होणार.” वडील हसले. “होईल की. फक्त प्रत्येक कागद वाचायची सवय लागू देऊ नका त्याला. मी वाचत बसलो असतो तर पेन्शनसुद्धा ऑफिसातच घ्यावी लागली असती.” सगळे हसलो. त्यांच्या टेबलावरून फाईल कशी पुढे जाते ते मी लहानपणापासून ऐकत होतो : आपल्या आधीच्या माणसाची सही बघायची, तिच्याशेजारी आपली छोटी सही करायची, सरकवायची. तोवर मीही तीन वर्षं तेच करत होतो. दिवसाला चाळीस-पन्नास कागद.

तयारी मात्र आम्ही मनापासून केली. रविवारी साळव्यांचं चर्च असायचं, म्हणून आमचा दिवस शनिवार. पहिल्या शनिवारी सोनिपतपर्यंत, मग कर्नाल, मग मथुरा. दीड तास गाडी, दहा मिनिटं उतरायचं, पाय झाडायचे, घोटभर पाणी. पोटभर जेवायचं नाही. केळं, चिक्की आणि आईच्या दशम्या. सुहास दर थांब्याला हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्ही गाड्यांच्या चाकांचे हब, म्हणजे मधले गोल डबे, चाचपून बघायचा. गरम लागला तर ब्रेक धरतोय, म्हणायचा. मानेभोवती ओला रुमाल बांधायचं त्यानंच शिकवलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जांभई आली की लाज न बाळगता हात वर करून थांबायचं. “झोप आली तर सांगायचं, बिल्कुल सांगायचं. हीरो बनायचं नाही,” तो मला बजावायचा. मथुरेहून परत येताना त्यानं दोनदा हात वर केला आणि पिंपळाखाली चक्क वीस मिनिटं झोपला. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

आज मी गुडगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, चौदाव्या मजल्यावर. खाली तोच जयपूरचा रस्ता, आता आठ पदरी. रविवारी सकाळी पेट्रोलपंपावर मोठमोठ्या मोटरसायकलींचा घोळका जमतो; मुलांच्या आणि मुलींच्याही अंगात गुडघ्या-कोपरांना कवच असलेले पोशाख. निघायच्या आधी ते एकमेकांच्या गाड्या बघतात. मागे एकदा दूध आणायला उतरलो होतो, तेव्हा एक मुलगी चक्क जमिनीवर आडवी होऊन मित्राच्या गाडीची चेन बघत होती. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की तिनं विचारलं, “अंकल, कुछ चाहिए?” मी नाही म्हणालो आणि दूध न घेताच वर आलो.

अटीची ती राइड आम्ही दिल्ली ते अजमेर आणि परत अशी ठरवली. मार्च लागला होता, ऊन अजून सोसण्यासारखं होतं. आदल्या संध्याकाळी सहा वाजता एकमेकांच्या गाड्या तपासायच्या, साडेआठला जेवण, नऊला झोप. पण मार्थाकाकूंनी त्याच संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवली. मुलगा इतक्या लांब जाणार, तर चार माणसांनी त्याच्यासाठी हात जोडावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. गाझियाबादहून त्यांची बहीण आणि तिच्याकडची माणसं यायची होती. सुहास म्हणाला, “आई, अगं आठ तास झोप लिहिलंय फाईलमध्ये.” काकू म्हणाल्या, “तुझ्या फाईलमध्ये देवाचा रकाना आहे का? नाही ना? मग तो मी भरते.”

सहा वाजता आम्ही क्वार्टरसमोरच्या कडुलिंबाखाली गाड्या लावल्या. वर मटण शिजत होतं, सतरंज्या झटकल्या जात होत्या, पेटीचा भाता कुणीतरी उघडून बघत होतं. प्रार्थनेला बसायचं म्हणून मी अंघोळ करून, धोब्याकडून नुकताच आलेला पांढरा शर्ट घालून खाली उतरलो होतो. सुहास जुन्या बनियनवर होता. तो टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली जवळजवळ तासभर होता. मध्येच त्यानं मला हाक मारून माझं बोट धरलं आणि पुढच्या ब्रेकच्या केबलवरून फिरवलं. “लागलं? एक तार तुटलीय. आज एक, उद्या सगळ्या.” केबल त्यानंच बदलली. मग पत्रकातल्या त्या बाबीपुढे सही केली, सु. सा., खाली तारीख घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “पाहिले म्हणजे पाहिले, साहेब.”

त्याची गाडी मी बघत होतो. टायर दाबले, दिवे लावून बघितले, ब्रेक ओढले. एकोणिसावी बाब चेन. त्यानं दोन दिवसांपूर्वी नवी चेन घातली होती. चेनचं जिथे टोकाला टोक जुळतं तिथे एक छोटी क्लिप बसते, नखाएवढी. ती नीट बसली आहे ना, उलटी तर नाही ना, हे बघायचं असतं. आमच्या गाड्यांना चेन पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर होतं. ते काढायचं म्हणजे चार बोल्ट, आणि त्याच्या आत ते काळं ग्रीस, जे रॉकेलनं धुतलं तरी दोन दिवस नखांतून जात नाही. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पाना हातात घेतला होता, हे नक्की आठवतं. तेवढ्यात वरून काकूंनी हाक मारली, “अवि, सतरंजीचं दुसरं टोक धरायला ये रे, पाहुणे आले!” मी पत्रकाकडे बघितलं. चेनपुढे पहिल्या रकान्यात सुहासची सही होती, स्वच्छ, गोल. माझा हात आपोआप तिच्याशेजारी गेला. अ. बो. मी विचार केला आणि मग ठरवलं, असं काही झालं नाही. ऑफिसात दिवसभर जे करत होतो तेच केलं. तिसाव्यापर्यंतच्या उरलेल्या बाबींवरही तशाच सह्या केल्या, पाना डब्यात ठेवला आणि बाह्या खाली सोडत वर गेलो.

प्रार्थना सुंदर झाली. काकू खूप गायल्या. माझं नावही प्रार्थनेत दोनदा आलं. जेवून मी बरोबर नऊला उठलो, सुहास मला दारात म्हणाला, “तू झोप, यार. मावशी आत्ता कुठे रंगात आलीय.” मी खाली येऊन आठ तास झोपलो.

पहाटे निघताना त्यानं फाईल उघडली आणि शेवटच्या बाबीपुढे ‘केले’च्या रकान्यात सही करण्याऐवजी लिहिलं : ‘तीन तास.’ मी म्हणालो, “अरे, आठ लिही. कोण बघतंय?” तो म्हणाला, “तूच बघणार ना? रकाना तुझाच आहे. जांभई आली की थांबू.” फाईल त्यानं काकूंच्या हातात दिली. त्या दारात उभ्या होत्या, डोळे जागरणानं लाल, हातात दशम्यांचा माझ्या आईनं दिलेला डबा.

बहरोडला चहा झाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सुहासनं तोंड धुतलं, हब चाचपले, ढाब्याच्या खाटेवर दहा मिनिटं आडवा झाला आणि ताजातवाना उठला. तिथून पुढे तो पुढे आणि मी पन्नास-साठ पावलं मागे. कोटपुतलीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक उंटगाडी चालली होती, आणि गाडीवान गाडीत गाढ झोपलेला. उंट आपला एकटाच चाललेला. सुहासनं डावा हात बाहेर काढून मला तो गाडीवान दाखवला. मान जराशी वळवली. हेल्मेटमधून चेहरा दिसला नाही, पण खांदे हलले. तो हसत होता. मग हात परत हँडलवर गेला. त्यानंतर मी दहापर्यंत आकडे मोजले असते तर दहा झाले नसते. त्याच्या गाडीखालून खाडकन आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि रबराचा काळा पट्टा ओढत गाडी आडवी झाली. तो पुलाच्या कठड्यावर आदळला.

चेन तुटून मागच्या चाकात अडकली होती. कव्हर फाटून बाहेर आलं होतं. मी आधी त्याच्याकडेच धावलो, एवढं तरी मला माझ्या बाजूनं सांगता येतं. तो बेशुद्ध होता, उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. एक ट्रक थांबला. सरदारजी ड्रायव्हर आणि त्याच्या क्लीनरनं एका फळीवर घेऊन त्याला वर चढवलं. सरदारजींनी मला विचारलं, “नींद आ गई थी क्या इसको?” मग स्वतःच ते म्हणाले, “सुबह-सुबह यही होता है, पुत्तर.” आणि मी म्हणालो, “हां जी. शायद.” ते ट्रकची फळी लावेपर्यंत मी गाडीशी परत गेलो, चाकातून चेन ओढून काढली आणि पुलाखालच्या नाल्यात टाकली. क्लिप तिच्यावर नव्हती. ती उलटी बसवली होती, अर्धवट बसली होती की तिच्यातच दोष होता, हे आता कधीच कळणार नाही. आदल्या संध्याकाळी मी चार बोल्ट काढले असते तर कळलं असतं. माझे हात काळे झाले होते. ट्रकमध्ये मी ते पँटला पुसत राहिलो.

दिल्लीच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी साळवेकाका व्हरांड्यातल्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. ते जन्मभर फायली वाचत आलेले. आपल्या मुलाची फाईल त्यांनी बोट ठेवून ओळीनं वाचली. मी समोर उभा होतो. एक ते तीस, प्रत्येक बाबीपुढे दोन सह्या. मग बोट एकतीसवर थांबलं. ‘तीन तास.’ शेजारचा रकाना कोरा. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “कागदावर सगळं ठीक आहे. गाडीत काही नव्हतं. एवढी एकच नोंद.” काकू बाकाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी फाईल ओढून घेतली, ते दोन शब्द बघितले आणि पदर तोंडात धरला. “मी त्याला झोपू दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मीच.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझी खोटी सही मला वाचवत होती आणि सुहासनं खरं लिहिलं होतं म्हणून त्याची आई बुडत होती, हे मला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट दिसत होतं. मी म्हणालो, “काकू, चहा आणू?”

सुहासला त्या सकाळचं बहरोडच्या पुढचं काही आठवत नव्हतं. आठवड्यानं मी एकटा त्याच्यापाशी बसलेला असताना त्यानं विचारलं, “अवि, खरं सांग यार. मला झोप लागली होती?” मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “बहुतेक.” तो मग म्हणाला, “हात वर करायला हवा होता ना. तुला एवढं शिकवलं आणि मीच.” त्याला उंट आठवत नव्हता. मी आठवण करून दिली नाही. गाडीचे अवशेष आणायला गेलेला मेकॅनिक म्हणाला की चेन कुणी तरी रस्त्यातून उचलून नेली असणार, तिथे सगळंच उचलतात; त्यावरही कुणी काही विचारलं नाही. सुहासच्या पायावर तीन ऑपरेशनं झाली आणि पाय दीड इंच आखूड राहिला. नोएडाच्या कंपनीनं चार महिने वाट बघितली. मग त्यांचा एक माणूस भेटायला आला, चांगला होता, अपघात कसा झाला ते सहज विचारलं. सुहासनं सांगितलं, “मला गाडी चालवताना झोप लागली.” कुणी तरी म्हणालंसुद्धा, की खड्डा होता असं सांगायचं. पण त्याला खोटं सांगता येत नसे. ज्याचं काम दिवसभर गाडीवर फिरायचं, त्याच्याबद्दल हे ऐकल्यावर कंपनी काय करणार? त्यांचं पत्र आलं. पुढे काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि साळवे गाझियाबादला एका सोसायटीत दोन खोल्यांत गेले. सुहासनं खाली टेलिफोनचं बूथ टाकलं, मग झेरॉक्सचं मशीन. लोक त्याला लंगडा म्हणून ओळखायचे आणि तो हाकेला ओ द्यायचा.

काकूंनी त्या दिवसानंतर पेटी उघडली नाही. आधी तिच्यावर चादर टाकली, मग चर्चला देऊन टाकली. लक्ष्मीबाई नगरात आम्ही सकाळी उशिरा उठायला लागलो. आई एकदा लाटणं हातात धरून छताकडे बघत म्हणाली, “काय करत असतील गं बाई एवढ्या गप्प?” काकू रविवारी चर्चला जात, पण घरी त्यांनी पुन्हा कधी प्रार्थना ठेवली नाही. सुहास हसत मला म्हणायचा, “आई देवाकडे आता काही मागत नाही. फक्त हजेरी लावून येते.”

अपघातानंतर अकराव्या वर्षी सुहास काविळीनं गेला. काका त्याच्या आधीच गेले होते. मी दर नाताळात काकूंकडे जात असे. आई होती तोवर तिच्या चकल्या नेत असे, नंतर विकतच्या. शेवटच्या खेपेला मी ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये आनंद विहार ते गाझियाबाद दोन वाक्यं मनाशी घोकत होतो. लांबलचक खुलासा नाही, फक्त दोन वाक्यं. ती म्हणून झाली की पुढे जे होईल ते. काकूंनी दार उघडलं. पाठ वाकली होती, पण करंज्या घरच्या होत्या. भिंतीवर सुहासचा फोटो, आणि फोटोखालच्या फळीवर, बायबलच्या शेजारी, ती फाईल. लाल टॅग फिका पडला होता. ती त्यांनी जपून ठेवली आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “अवि, बस. मला तुला एक सांगायचंय. कधीपासूनचं राहिलंय.” मला वाटलं, यांना कळलंय. मनातून सुटल्यासारखंसुद्धा वाटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे खरखरीत आणि गरम होते, तळणीवरून आत्ताच उठल्यासारखे. “तू इतकं नीट सगळं तपासलं होतंस. एकेक सही मी बघते. तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं. मीच ती प्रार्थना ठेवली आणि तुझा मित्र तुझ्यापासून गेला. तू एवढी वर्षं येतोस, कधी एका शब्दानं बोलला नाहीस मला. मला माफ कर रे बाळा.”

अपघाताच्या वेळी साळवेकाका ज्या वयाचे होते, त्या वयाचा मी तेव्हा होत आलो होतो. काकूंनी माफी मागितली आणि मी ती घेतली. “जाऊ द्या काकू,” मी म्हणालो. “झालं ते झालं.” त्यांनी डोळे पुसले, माझ्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली, आणि मी ती खाल्ली. पुढच्या नाताळाच्या आधीच त्या गेल्या.

बसमध्ये घोकलेली वाक्यं दोनच होती. काकू, सुहास जागा होता. चेन मी बघितलीच नव्हती.